बासष्टातलं एक भांडं

निंबगावात कोणतीही मोजणी आली की ती शाळेच्या खुशाल गुरुजींच्या डोक्यावर येत असे. माणसं मोजायची असोत, मतदार मोजायचे असोत, नाहीतर लस टोचलेली गुरं, जैनथच्या मंडल ऑफिसातून निरोप यायचा आणि गुरुजी शाळा सुटल्यावर वही घेऊन निघायचे. तीस वर्षं नोकरी झाली होती. कोणत्या घरी जायचं आणि कोणत्या घरी कुठपर्यंत जायचं, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या कार्तिकात मंडल ऑफिसचे सुधाकरराव स्वतः फटफटीवर फॉर्मचा गठ्ठा बांधून आले. गाव मराठी असलं तरी आंध्रातलं, त्यामुळं फॉर्म तेलुगूत छापलेला होता. सरपंच भगवानरावांच्या ओट्यावर बसून त्यांनी गुरुजींना एकेक रकाना समजावून सांगितला.

"देश किती पुढं गेला ते मोजायचं हाय गुरुजी. घरटी रेडिओ किती, सायकली किती, मोटारपंप, टिनाचं छप्पर. अन् स्टीलची भांडी. मातीची धरू नका, जर्मन-अल्युमिनची धरू नका. फक्त स्टील."

"भांडी काऊन?" भगवानरावांनी विचारलं.

"माणसाजवळ पैसा आला का पयलं स्टील येते घरात. वरच्या ऑफिसाचं असं म्हणणं हाय. ज्या गावाचा आकडा मोठा, त्या गावाच्या शिवेवर 'प्रगत गाव' असा बोर्ड लागन. कलेक्टरसाहेब येतीन."

"अन् आकडा लहान निघाला तर? बोरवेल भेटन का?"

"नाही. मंग काईच नाही."

"मंग मोठाच लिवा," भगवानराव म्हणाले आणि आत हाक मारली, "अवो, स्टीलची भांडी किती आपल्या घरी? मोजून सांगा."

आतून भांडी हलल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग रेणुकाबाई चौकटीआडून म्हणाल्या, "बासष्ट."

बासष्ट भांडी गावात दुसऱ्या कोणाकडे निघणार नव्हती. भगवानरावांनी मिशीवरून हात फिरवला. चहा आला. सुधाकररावांना कपबशीत, गुरुजींना काचेच्या ग्लासात. तो ग्लास ओट्यावरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. गुरुजी बौद्ध वस्तीतले. तीस वर्षं ते या ओट्यावर त्याच ग्लासात चहा पीत आले होते. खुर्ची मिळायची, 'गुरुजी, तुमी' असा मान मिळायचा आणि ग्लास कोनाड्यातलाच मिळायचा. याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं.

"यंदा घरात पाहा," चहा पिता पिता भगवानराव सुधाकररावांना सांगत होते, "कापूस डबल झाला. युरिया पडला ना. पन एक सांगतो, भाजीची चव गेली. अंबाडीची भाजी आमच्या घरी अशी व्हायची का माणूस बोटं चाटन. यंदा नुसता पाला. खतानं चव मारली सारी."

सुधाकररावांनी मान हलवली. चवीचा रकाना फॉर्मात नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी घरोघर फिरू लागले आणि पहिल्याच घरी अडले. चंपतनं ऐटीत सांगितलं, "बावीस लिवा." गुरुजींनी मांडणीवरचा एक गंज, उभट पातेलं, उचलून उलटा केला. कडेला बारीक टिंबांनी नाव घातलेलं होतं: पांडुरंग. दुसरी वाटी तुळजाबाईंची. परात चंपतच्या साडूची.

"अरे, ह्या बाविसातली तुही किती?"

चंपत मोजायला बसला. पाच निघाली.

"मंग बाकीची तुही कुठं गेली?"

"असतीन इकडं तिकडं. लग्नात नेली कोणी, बारशात नेली. कोणाच्या घरी वरण गेलं, कोणाच्या घरी सार. येतीन." चंपत जरा हिरमुसला. "म्हंजे आता मी गरीब झालो का गुरुजी? सकाळी बावीसवाला होतो."

"तसं नाही रे."

"तसंच झालं ना. तुमी आले अन् सतरा भांडी गेली. चोर परवडला."

गुरुजी बऱ्याच दिवसांनी हसले. पण काम अडलंच होतं. घरात आहेत ती मोजावीत तर दुसऱ्याची मोजली जातात. नावाची मोजावीत तर ती घरात नाहीत. शेवटी त्यांनी ठरवलं, ज्याचं नाव त्याचं भांडं. फॉर्मच्या टोकाला शेऱ्याचा रकाना होता. ऑफिसातले जुने लोक अजून त्याला निजामाच्या वेळचा शब्द वापरून 'कैफियत' म्हणत, आणि तो नेहमी कोरा जायचा. त्या रकान्यात गुरुजी लिहू लागले: घरात दुसऱ्याची भांडी, सतरा. दुसऱ्या घरी: घरात दुसऱ्याची भांडी, नऊ. तिसऱ्या घरी चार.

लिहिता लिहिता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ज्या घरी भावाभावांचं वाजलं होतं आणि मधे भिंत घातली गेली होती, तिथं सगळी भांडी घरचीच निघाली. एक वाटीसुद्धा बाहेरची नव्हती. गुरुजींनी तिथं शून्य लिहिलं. फॉर्मप्रमाणे ते घर वरच्या नंबरात येत होतं. चंपत खालून तिसरा होता.

सहा दिवसांत घरं संपली. शेवटचं घर गुरुजींचं स्वतःचं.

गुरुजींची बायको विठाबाई जाऊन आठ महिने झाले होते. चैत्रात गेली. पोटाचं दुखणं होतं, आदिलाबादच्या दवाखान्यात दोनदा नेलं, तिसऱ्यांदा नेण्याची वेळ आली नाही. पोरगी नांदेडला दिलेली. ती महिनाभर राहिली आणि गेली. तेव्हापासून गुरुजींचा संसार एक ताट, एक ग्लास आणि चहाचं एक पातेलं एवढ्यावर चालला होता. भाकरी शेजारच्या सखूबाई थापून द्यायच्या. मांडणीला गुरुजींनी हात लावला नव्हता. तिनं जशी लावली होती तशी ती राहिली होती. वर धूळ बसली होती.

त्यांनी स्टूल घेतलं आणि एकेक भांडं खाली उतरवलं. पुसायचं, उलटं करायचं, नाव वाचायचं. एकतीस भांडी. बावीस विठाबाईच्या नावाची. नऊ वस्तीतल्या लोकांची, सखूबाईंच्याच तीन वाट्या. ती लवकर द्यायला हवीत, असं मनात म्हणत त्यांनी सगळ्यात मागे राहिलेला डबा ओढला. झाकणाचा चांगला जाड डबा होता. कडेला नाव होतं: सौ. रेणुकाबाई भगवानराव.

गुरुजी स्टुलावर बसले.

भगवानरावांचं घर कुणब्याचं. त्या घरून वस्तीत ज्वारी यायची, तूर यायची, लग्नाला लाकडं यायची. शिजलेलं काही यायचं नाही. आणि वस्तीत शिजलेलं त्या घरी जाणं तर कोणी ऐकलंही नव्हतं. मग हा डबा इथं कसा?

त्यांनी सखूबाईंना हाक मारली. सखूबाई साठीच्या, तोंडात सुपारी. डबा पाहून त्यांना मुळीच नवल वाटलं नाही.

"सापडला का? म्या म्हटलंच होतं, विठाबाईनं कुठं ठेवला असन."

"सखूबाई, हा डबा आपल्या घरी काऊन?"

"होळीच्या पोळ्या आलत्या त्यात. ती आजारी होती ना. रेणुकाबाईनं धाडल्या."

"रेणुकाबाईनं? अन् हे आमाले ठाव नाही?"

"तुमाले काय ठाव असते?" सखूबाई खाली बसल्या. "अकरा साल झाले. रेणुकाबाईले दिवस गेलते तवाची गोठ. आमी त्यायच्याच वावरात कापूस वेचत होतो. दुपारी विठाबाईनं भाकर सोडली, वर अंबाडीची भाजी. रेणुकाबाई बांधावर बसली होती. म्हणे, वास आला वो, मले दे ना. विठाबाई म्हणे, बाई, तुमाले चालन का? ती म्हणे, मले चालते. पोटातलं काई सांगाले जात नाही घरी. झालं. तवापासून अंबाडी निघाली का मागच्या पांदीच्या वाटेनं डबा जाये. तिकडून कधी शिरा, कधी कढी. कधी पोळ्या."

"अन् भगवानराव?"

"ते खात होते ना! बोटं चाटत होते."

गुरुजींना ओट्यावरचं बोलणं आठवलं. युरियानं अंबाडीची चव मारली. त्यांना हसू फुटलं. आधी बारीक, मग एवढं मोठं की डोळ्यांतून पाणी आलं. सखूबाईही हसत सुटल्या. ते पाणी नंतर थांबेना तेव्हा सखूबाई उठल्या आणि चुलीवर चहा ठेवायला गेल्या.

"गावात कोणाले ठाव होतं?" चहा घेताना गुरुजींनी विचारलं.

"साऱ्या बायायले. तुमी गडी लोक फारम भरत राह्यले."

आता डबा परत करायचा प्रश्न होता. नावाप्रमाणे तो भगवानरावांच्या बासष्टातला. पण रेणुकाबाईंनी घरातली भांडी मोजून बासष्ट सांगितली असतील तर हा वेगळा, आणि नावं आठवून सांगितली असतील तर हा त्यातलाच. काहीही असलं तरी दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून घेणं गुरुजींना जमणारं नव्हतं. आणि रिकामा डबा परत करायचा नसतो. निंबगावात रिकामं भांडं परत गेलं म्हणजे आता देणंघेणं पुरे, असा त्याचा अर्थ. विठाबाईनं अकरा वर्षं चालवलेलं आपण एका दिवसात बंद करायचं का?

"मी नेऊन देतो पांदीनं," गुरुजी म्हणाले.

सखूबाईंनी डोळे वटारले. "बायको मेलेला माणूस पांदीच्या वाटेनं दुसऱ्याच्या बायकोच्या मागच्या दारी जाईन? शेण खाल्लं का गुरुजी?"

"मंग तुमी न्या."

"नेतो ना. पन मग तो माह्या हातचा डबा झाला. विठाबाईच्या घरचा नाही."

हे खरं होतं. म्हणजे एकच वाट उरली. पुढच्या दारानं, दिवसाउजेडी, भगवानरावांच्या समोर. त्यांनी डबा परत लोटला तर विठाबाईच्या हाताचा अपमान. शिवाय रेणुकाबाईंवर घरात काय ओढवेल ते वेगळंच. पण डबा आपल्याच घरी ठेवून घेतला तर आपण विठाबाईला काही न सांगता मधेच सोडून दिल्यासारखं होईल, असं गुरुजींना वाटत राहिलं. दोन दिवस त्यांनी डबा चुलीपाशी ठेवून पाहिला. तिसऱ्या दिवशी, रविवार होता, ते विळा घेऊन वावराच्या बांधावर गेले आणि अंबाडी खुडून आणली.

सखूबाई भिंतीपलीकडून सांगत होत्या आणि गुरुजी करत होते. पाला उकळा. पाणी पिळून टाका, नाहीतर आंबट ढाण होईन. ज्वारीच्या कण्या आधी शिजवा. लसूण जास्त. अजून जास्त. जळला का? जळू द्या, वास चांगला येते. तीस वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाला कढईपुढं काही सुचत नव्हतं. कण्या खाली लागल्या. मीठ दोनदा पडलं की एकदाच, ते आठवेना. चाखून पाहिली. विठाबाईची नव्हती ती. पण अंबाडीची होती.

भगवानराव ओट्यावर बसून कपाशीच्या बोंडातली सरकी काढून पाहत होते. गुरुजींच्या एका हातात फॉर्मांचा गठ्ठा होता, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा.

"या गुरुजी. दस्तखत करायचे ना? आणा."

"सरपंच, आधी एक गोठ. तुमच्या घरचं एक भांडं माह्या घरी निघालं."

"आमचं? तुमच्या घरी?" भगवानरावांनी सरकी खाली ठेवली. "चोरीबिरी झालती का?"

"नाही. पुरणाच्या पोळ्या आलत्या त्यात. होळीच्या. माह्या घरची आजारी होती."

फडकं सोडून गुरुजींनी डबा हातात धरला. खाली ठेवला नाही. भगवानरावांनी डब्याकडे पाहिलं, नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"अवो!" त्यांनी आत तोंड करून हाक मारली. "बाहेर या."

रेणुकाबाई चौकटीत आल्या. पदर डोक्यावर घेतला. डबा दिसला तशा तिथंच थांबल्या. मग रेणुकाबाई चौकट ओलांडून ओट्यावर आल्या, सरळ गुरुजींपुढं, आणि दोन्ही हात पुढं केले. गुरुजींनी डबा हातात दिला. तो जड लागला तशी त्यांनी वर पाहिलं.

"भरला हाय?"

"हो बाई. म्याच केली. तिच्यासारखी नाही जमली."

रेणुकाबाईंनी झाकण काढलं. लसणाचा वास ओट्यावर पसरला. त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "कण्या लागल्या वाटते खाली."

"लागल्या."

"किती साल?" भगवानरावांनी विचारलं.

"अकरा," रेणुकाबाई म्हणाल्या.

"अकरा साल मी वस्तीतली भाजी खाऊन राह्यलो अन् मले सांगाले कोणी नोतं?"

"तुमी विचारलं नाही. झकास झाली म्हणत होते, अजून वाढ म्हणत होते. कोणी केली म्हणून एका दिवशी तरी विचारलं का?"

गुरुजी उभेच होते. जावं की थांबावं, त्यांना कळेना. ओट्याखाली बैल रवंथ करत होता.

"बाटलो म्हणा ना मी अकरा साल," भगवानराव शेवटी म्हणाले. पण म्हणताना त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं. कारण मग ते डब्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "म्हंजे ते युरियाचं नोतं."

"नोतं," रेणुकाबाई म्हणाल्या.

"आठ म्हयने झाले ना विठाबाईले?"

"आठ," गुरुजी म्हणाले.

भगवानरावांनी हात लांब करून डब्यातली चिमूटभर भाजी उचलली आणि तोंडात टाकली. चावत राहिले.

"खारट हाय गुरुजी," ते म्हणाले. "लई खारट हाय. बसा."

गुरुजी बसले. भगवानरावांनी फॉर्म मागून घेतले आणि एकेकावर दस्तखत करत गेले. स्वतःचा फॉर्म आला तेव्हा कैफियतीच्या रकान्यात गुरुजींनी काहीच लिहिलं नव्हतं, ते त्यांनी पाहिलं.

"बासष्ट बराबर हाय. आता डबा घरात आला," भगवानराव म्हणाले.

"नाही," रेणुकाबाई आतून म्हणाल्या. त्या भाजी दुसऱ्या भांड्यात काढत होत्या. "मी नावानं मोजले होते. तोही धरला होता. पन एकसष्ट लिवा. डबा थांबणार नाही इथं. उद्या कढी हाय."

भगवानरावांनी लेखणी तोंडात धरली. मग बासष्टावर काट मारून आपल्या हातानं एकसष्ट लिहिलं आणि दस्तखत केलं. आतून चहा आला तो एकाच ताटलीत, दोन कपबशा. गुरुजींनी आपली उचलली.

सोमवारी जैनथच्या ऑफिसात सुधाकरराव फॉर्म चाळत होते. चाळता चाळता थांबले.

"हे बासष्टाचे एकसष्ट कोणी केले?"

"सरपंचानं. स्वतःच्या हातानं."

"कमाल हाय गुरुजी. बाकी गावं आकडा वाढवून धाडून राह्यली. एका गावानं तर रेडिओ माणसापेक्षा जास्त दाखवले. अन् तुमचं गाव घटवून राह्यलं. अन् हे कैफियतीत काय सारं? 'घरात दुसऱ्याची भांडी, सतरा'?"

गुरुजींनी समजावून सांगितलं. चंपतचं सांगितलं, मधे भिंत घातलेल्या घराचं सांगितलं. डब्याचं सांगितलं नाही. "तुमी म्हणले, देश किती पुढं गेला ते मोजायचं," ते म्हणाले. "मले वाटलं, हेही त्यातच येते. कोण कोणाच्या घरी जेवते, कोणाचं भांडं कोणाच्या चुलीपर्यंत पोचते. हा आकडा वाढला तर गाव पुढं गेलं, असं मी धरलं."

"वरच्या ऑफिसात हे कोणी वाचणार नाही."

"नका वाचू. मी लिवलं."

सुधाकररावांनी पुन्हा काही फॉर्म वाचले. कैफियतीचा रकाना बोटानं खाली खाली वाचत गेले. नऊ, चार, बारा, शून्य, सहा.

"आमी आदिलाबादच्या क्वार्टरात सहा साल झाले राहून राह्यलो," ते म्हणाले. "घरात सारं हाय. टीवी हाय, फ्रीज घेतला. भांडी तर दुकानावाणी. पन सारी आमचीच. एक वाटी बाहेर नाही अन् एक बाहेरची आत नाही. माही बायको म्हणते, किती चांगलं, काई हरवत नाही."

खाली रस्त्यावर तामसीची बस लागली होती. कंडक्टर ओरडत होता.

"शेजारी कोण हाय?" गुरुजींनी विचारलं.

"हायत कोणी तरी. निर्मल गावचे हायत म्हणतात. नाव नाही ठाव."

"वाटीभर काई तरी धाडून पाहा," गुरुजी म्हणाले. "भांडं मात्र नावाचं धाडा."

सुधाकररावांनी हसून मान हलवली आणि फॉर्मांवर शिक्के मारायला घेतले. गुरुजी त्यांचे शिक्के मारून होईपर्यंत बसले. मग पोच घेऊन ते खाली उतरले. घरी जायची घाई होती. सखूबाईंच्या तीन वाट्या द्यायच्या होत्या आणि त्यांत काय घालावं, हे अजून ठरलं नव्हतं.